अ‍ॅम्बॅसेडरच्या इंजिनातली ऑईल गळती : आधी उगम शोधा, मग पाना लावा

कसारा घाट चढत होतो. पुढे कंटेनर, मी दुसऱ्या गिअरमध्ये. एका वळणावर डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. पुढच्या वळणावर पुन्हा लागला, तो विझेचना. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, पाच मिनिटांनी डिपस्टिक काढून पाहिली. ऑईल वरच्या खुणेला. म्हणजे ऑईल होते, पण बेअरिंगपर्यंत पोचत नव्हते. टोचन करून गाडी नाशिकला आणली. दुसऱ्या दिवशी चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑईलची टाकी, उतरवले तेव्हा ऑईल पंपाच्या जाळीला चिकटलेले लाल सिलिकॉनचे तुकडे निघाले, भावनगरी शेवेएवढे जाड.

दोन महिन्यांपूर्वी गळती थांबवायला म्हणून एका गॅरेजमध्ये चेंबरला आणि साइड कव्हरला ट्यूब पिळून पिळून सिलिकॉन लावले होते. ते बाहेर जेवढे फुगून आले होते तेवढेच आतही फुगले होते. गरम ऑईलने आतले सुटत गेले आणि जाळीवर जाऊन बसले. गळती तर थांबली नव्हतीच. ती चेंबरची नव्हतीच मुळी. ऑईल येत होते वरून, टॅपेट कव्हरच्या म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यातून.

त्यानंतर ही सगळी कामे मी स्वतः करायला शिकलो. माझी गाडी मार्क फोर, वडिलांनी सरकारी लिलावातून घेतलेली. इंजिन १४८९ सीसीचे पेट्रोल, मूळ ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचे. गाडी मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवरून आलेली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात २०१४ पर्यंत अ‍ॅम्बॅसेडर बनत होती, पण नंतरच्या बऱ्याच गाड्यांत इसुझूचे १८०० सीसीचे इंजिन आहे. पुढे जे भागवार लिहिले आहे ते जुन्या १४८९ सीसी इंजिनाबद्दल. गळती शोधायची पद्धत मात्र पद्मिनीला, जीपला, कोणत्याही जुन्या इंजिनाला चालेल.

गळते ते इंजिन ऑईलच आहे का?

रात्री गाडी लावताना खाली स्वच्छ पुठ्ठा सरकवा. फ्रिजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा मिळाला तर उत्तम. त्यावर पुढच्या दोन्ही चाकांची जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे सकाळी थेंब इंजिनाच्या पुढच्या भागाखाली आहे, मधल्या की जिथे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, हे कळते. वाऱ्याने पुठ्ठा हलतो, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवा.

सकाळी थेंब बोटावर घ्या. काळे-तपकिरी, बुळबुळीत, जळकट वासाचे असेल तर इंजिन ऑईल. पाण्यासारखे पातळ, फिकट पिवळे आणि चाकाजवळ किंवा मास्टर सिलिंडरखाली असेल तर ते ब्रेक ऑईल असू शकते. तसे असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि ब्रेक दुरुस्त होईपर्यंत गाडी हलवू नका. मागच्या बाजूला, गंधकासारखा उग्र वास असलेले जाड ऑईल डिफरन्शिअलचे. हिरवट किंवा गंजाच्या रंगाचे पाणी रेडिएटरचे.

एक गोष्ट याच वेळी बघून घ्या. डिपस्टिक काढून नाकाशी न्या. पेट्रोलचा वास येतो का? ऑईलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते का? मेकॅनिकल पेट्रोल पंप असेल आणि त्याचा पडदा फाटला असेल तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये उतरते. ऑईल पातळ होते, जिथून कधी गळत नव्हते तिथूनही गळू लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे बेअरिंग घासतात. अशा वेळी आधी पंप, मग ऑईल बदल. त्यानंतरच गळतीचा विचार.

इंजिनाला आंघोळ

नाशिकच्या भद्रकालीतले एक म्हातारे मिस्त्री, ज्यांच्याकडे वडील गाडी नेत असत, त्यांच्याकडे मी चेंबरचे पॅकिंग मागायला गेलो होतो. त्यांनी पॅकिंग दिलेच नाही. म्हणाले, "बेटा, इंजिन धुतलंस का?"

"नाही चाचा."

"मग तुला कसं कळलं चेंबर गळतंय? आधी आंघोळ घाल, मग पाना हातात घे."

तीस-चाळीस वर्षांच्या इंजिनावर ऑईल आणि धुळीचा जो थर बसलेला असतो, त्यात नवी गळती दिसूच शकत नाही. इंजिन पूर्ण थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल, डायनमो किंवा अल्टरनेटर आणि कार्बोरेटरचे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी घट्ट बांधा. जाड थर आधी लाकडी पट्टीने खरवडून काढा. मग जुना रंगाचा ब्रश डिझेलमध्ये बुडवून वरून खाली घासत या. पेट्रोल वापरू नका. एक ठिणगी पुरते. डिझेलने सुटलेली घाण भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने धुवा. फार जोराचा प्रेशर पंप मारू नका. पाणी फिरत्या दांड्याभोवतीच्या सीलच्या ओठातून आत शिरते. शेवटी चिंध्यांनी पुसून दोन तास उन्हात बोनेट उघडे ठेवा. धुतलेले पाणी गटारात सोडू नका, खाली मोठी ताटली किंवा जुना पत्रा ठेवून जमा करा.

आता पावडर. इंजिन कोरडे झाले की संशय असलेल्या सगळ्या जोडांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरा. हेड आणि टॅपेट कव्हरचा जोड, साइड कव्हर, टायमिंग कव्हर, पेट्रोल पंपाचे बूड, ऑईल फिल्टरची बैठक, चेंबरची कड. गाडी सुरू करून उभ्यानेच दहा मिनिटे चालू द्या आणि टॉर्च घेऊन बघत राहा. पांढऱ्या पावडरीत ऑईलची रेघ उमटते ती लपत नाही. पंख्यापासून हात, मफलर, ओढणी लांब ठेवा.

उभ्या गाडीत काही दिसले नाही तर चालवून आणा. मी गंगापूर रोडने धरणापर्यंत जाऊन येतो, इंजिन पूर्ण तापते आणि रहदारी कमी असते. आल्याबरोबर बघा. पळत्या गाडीत वारा ऑईल मागे ढकलतो, म्हणून चालवून आल्यावर दिसणारा डाग उगमाच्या थोडा मागे आणि बराच खाली असतो. ओलसर भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधा. रामकुंडात पाणी दिसते म्हणून गोदावरीचा उगम तिथे नाही, तो वर ब्रह्मगिरीवर आहे. इंजिनाचेही तेच. थेंब जिथून टपकतो तो चेंबरचा खालचा कोपरा म्हणजे रामकुंड.

पावडरीनेही पत्ता लागत नसेल तर ऑईलमध्ये घालायचा चमकणारा रंग आणि जांभळी यूव्ही टॉर्च मिळते. रात्री अंधारात बघितले की उगम हिरवा-पिवळा चमकतो. माझ्यावर ती वेळ एकदाच आली.

पॅकिंगच्या आधी ब्रीदर

हा भाग बहुतेक जण सोडून देतात. म्हणूनच पॅकिंग बदलून महिन्यात गाडी पुन्हा गळते.

पिस्टन रिंगच्या बाजूने थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर पडायला वाट हवी, तिलाच ब्रीदर म्हणतात. या इंजिनात अशा दोन वाटा आहेत : टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी रबरी नळी, आणि पुढच्या साइड कव्हरमधून खाली जाणारी लोखंडी नळी. वर्षानुवर्षे कोणी हात न लावल्यामुळे या नळ्यांत काळा चिखल साठतो. वाट बंद झाली की आतला दाब वाढतो आणि ऑईल मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलले जाते. प्रेशर कुकरची शिटी चिकटली तर वाफ झाकणाच्या रबरातून निसटते, तसेच. रबर बदलून काय होणार?

दोन्ही नळ्या काढा, तार घालून मोकळ्या करा, डिझेलने धुवा. माझ्या गाडीच्या खालच्या नळीतून करंगळीएवढी घट्ट वळी निघाली होती, वर वाळलेली, आत डांबरासारखी मऊ. ऑईल भरायच्या झाकणात जाळी असेल तर तीही धुवा. हे झाकण हरवल्यावर कोणीतरी दुसऱ्याच गाडीचे, बिनछिद्राचे झाकण लावलेले असते. तसे आहे का, बघा.

मग गाडी चालू करून, गरम इंजिनात, ऑईलचे झाकण उघडा आणि त्यावर हात धरा. हलकी फुंकर जाणवली तर ठीक. हातावर ठोके बसत असतील, धूर भसाभस येत असेल, तर रिंगा आणि सिलिंडर झिजले आहेत. अशा इंजिनात कितीही भारी पॅकिंग घाला, ते फार काळ टिकणार नाही. इंजिन बोअर करायचा खर्च आता करायचा की थोडा थांबून, हा निर्णय आधी घ्या. तो टाळून पॅकिंगवर पैसे घालू नका.

माझ्या ओळखीच्या दोन अ‍ॅम्बॅसेडरमध्ये ब्रीदर साफ केल्यावरच गळती निम्म्याहून कमी झाली. पाना लावावाच लागला नाही.

टॅपेट कव्हर

या इंजिनातली सगळ्यात जास्त गळती इथूनच होते, आणि काम सगळ्यात सोपे. पत्र्याचे कव्हर, खाली बुचाचे म्हणजे कॉर्कचे पॅकिंग, वर दोन नट. नटांखाली पत्र्याची वाटी आणि रबरी बुश असतो. गळती दिसली की प्रत्येक जण ते दोन नट आवळतो. आवळता आवळता पत्रा मधोमध दबतो, कडा उचलल्या जातात आणि गळती वाढते.

कव्हर काढा. जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, आणि खरवडताना टॅपेटच्या जागेवर स्वच्छ कापड पसरून ठेवा. एकही तुकडा आत पडता कामा नये. कव्हर काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथे ठेवून बघा. कुठे फट दिसते? कोपऱ्यांत उजेड आत शिरतो का? शिरत असेल तर कड लाकडी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने हळूहळू सरळ करा. याला अर्धा तास लागतो, पण खरी दुरुस्ती हीच. पॅकिंग त्यानंतरचे.

नवे पॅकिंग दुकानात वर्षभर टांगून कोरडे पडलेले असते. विशेषतः आपल्या मे महिन्यात ते आक्रसते आणि कव्हरच्या खोबणीत पुरत नाही. ओढून बसवू नका, फाटेल. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवले की ते मूळ मापावर येते. मग पुसून, वाळवून, फक्त कव्हरच्या बाजूला शेलॅकचा (लाखेच्या चिकट द्रवाचा) पातळ हात द्या, कव्हर पालथे घालून वर सपाट वजन ठेवा, रात्रभर राहू द्या. हेडच्या बाजूला काहीच लावू नका, फार तर ग्रीसचे बोट फिरवा. पुढच्या वेळी टॅपेट सेटिंगसाठी कव्हर उघडाल तेव्हा पॅकिंग न फाटता कव्हरसोबत वर येईल.

नटाखालचे रबरी बुश नवे घाला. त्यांची किंमत फार नाही, आणि जुने दगडासारखे कडक झालेले असतात. नट किती आवळायचे? या घराण्याच्या इंजिनांना ४ फूट-पाउंड, म्हणजे साधारण साडेपाच न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोटा पाना दोन बोटांत धरून जेवढे वळेल तेवढेच. एकदा हा नट, एकदा तो, असे आळीपाळीने.

साइड कव्हर आणि आजूबाजूचे छोटे उगम

इंजिनाच्या डाव्या बाजूला, इनलेट-एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली दोन पत्र्याची कव्हरे आहेत. वरून पुशरॉडच्या भोकांतून ऑईल इथे उतरते. ही गळली तर ऑईल सरळ खाली चेंबरच्या कडेला जाते आणि सगळ्यांना वाटते चेंबर गळतो. माझ्या गॅरेजवाल्यालाही तेच वाटले असणार.

इथे पोचायला कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड काढावे लागते, म्हणून रविवार मोकळा ठेवा. जुन्या मॅनिफोल्ड पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नका, पाणी शिंपडून ओले करा, मास्क लावा, तुकडे पिशवीत बांधा. प्रत्येक साइड कव्हर एकाच मधल्या बोल्टने धरलेले असते. त्यामुळे इथेही आवळण्याचा मोह पत्र्याला कमान आणतो. इथे तर २ फूट-पाउंड पुरतात. कव्हर सरळ करा, कॉर्कचे पॅकिंग वरच्यासारखेच कव्हरला चिकटवा, बोल्टखालचे वायसर नवे घाला. ब्रीदरचे कव्हर पुढचे आहे हे काढतानाच लक्षात ठेवा.

ड्रायव्हरच्या बाजूला ऑईल फिल्टर. बाऊल प्रकारचा फिल्टर असेल तर वरच्या खोबणीत एक रबरी रिंग असते. फिल्टर बदलताना कित्येकदा जुनी रिंग तिथेच राहते, काळी पडून लोखंडासारखी दिसते, आणि तिच्यावर नवी रिंग बसवली जाते. दोन रिंगा एकमेकींवर कधीच नीट बसत नाहीत. सेफ्टी पिनने खोबणी टोचून बघा. टोक रुतले तर ते रबर आहे, काढा. इथली गळती दाबाखालची असते, थेंबाथेंबाने नाही, धारेने ऑईल जाते. ऑईल प्रेशरच्या नळीचेही तसेच. नळीला भेगा दिसल्या तर मुहूर्त न बघता बदला.

पेट्रोल पंपाच्या बुडाचे पॅकिंग बदलायला वीस मिनिटे लागतात. डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी ओल असेल तर तो काढण्याआधी त्याची जागा खुणेने आखा, नाहीतर टायमिंग हरवेल.

टायमिंग कव्हर

पुढच्या पुलीच्या मागे ऑईल दिसत असेल, आणि पंख्याच्या वाऱ्याने त्याचे तुषार सगळीकडे उडाले असतील, तर पुढचे सील गेले आहे. रेडिएटर काढल्याशिवाय इथे नीट काम होत नाही. हँडलने गाडी सुरू करायचा जो मोठा नट पुलीवर असतो, त्याच्याखाली दुमडलेले लॉक वायसर असते. आधी ते सरळ करा, मग टॉप गिअर टाकून, हँडब्रेक ओढून, कोणालातरी ब्रेक दाबायला बसवून नट सोडा.

पुली बाहेर आली की सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख आडवे फिरवा. नख अडकले तर तिथे खाच पडली आहे. नवे सील त्याच खाचेत बसून गळत राहील. अशा वेळी पुलीच्या दांड्यावर पातळ स्लीव्ह बसवून मिळते. नाशिककरांना यासाठी लांब जावे लागत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत काम जाणणारे लेथवाले पुष्कळ आहेत. पुली आणि नवे सील दोन्ही सोबत न्या, नुसते माप सांगू नका.

कव्हरच्या आत, चेनच्या गिअरपुढे एक पातळ थाळी असते. ती ऑईल सीलपासून लांब फेकते. तिच्यावर ज्या बाजूला इंग्रजी 'एफ' अक्षर ठोकलेले असते ती बाजू बाहेर, म्हणजे रेडिएटरकडे. उलटी बसली तर नवे सीलही गळेल. मी काढतानाच फोनवर फोटो घेऊन ठेवतो.

सील बसवताना सपाट लाकडाने सारखे ठोका, ओठाला ऑईल लावा. आणि कव्हरचे बोल्ट लगेच घट्ट करू नका. बोल्ट नुसते हाताने लावा, पुली ऑईल लावून सीलमधून आत सरकवा, म्हणजे पुलीमुळे कव्हर आपोआप मधोमध येते, आणि मग बोल्ट आवळा. सील एका बाजूला दाबले गेले की त्याचे आयुष्य तिथेच संपते.

चेंबर

एवढे सगळे करूनही चेंबरच्या कडेलाच ओल असेल, तर चेंबर. जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कधीही जाऊ नका. लोखंडी घोड्या लावा, मागच्या चाकांना विटा नव्हे, लाकडी ओंडके द्या. ऑईल कोमट असताना काढा.

चेंबर उतरल्यावर बोल्टच्या प्रत्येक भोकापाशी पत्रा वर उचललेला दिसेल. लाकडी ठोकळा खाली धरून तो हातोडीने सपाट करा, सरळ कडेची पट्टी लावून तपासा. पंपाची जाळी या वेळी धुवाच. बाजूंच्या कॉर्कच्या पट्ट्या शेलॅकने चेंबरला चिकटवा. पुढच्या आणि मागच्या मेन बेअरिंगच्या (क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्यावर फिरतो त्या) टोप्यांजवळ अर्धगोल कॉर्कच्या पट्ट्या येतात. त्या भिजवून मऊ करा आणि टोके कापून तंतोतंत बरोबरीला आणू नका, किंचित वर राहू द्या. चेंबर आवळला की तो उरलेला भाग दाबला जाऊन कोपरा भरतो. सिलिकॉनची खरी जागा एवढीच : त्या चार कोपऱ्यांत, तांदळाच्या दाण्याएवढे. बाकी कुठेही नाही.

बोल्ट मधून कडेला, आळीपाळीने, दोन-तीन फेऱ्यांत, शेवटी सुमारे ६ फूट-पाउंड, म्हणजे ८ न्यूटन-मीटर. ड्रेन प्लगचे तांब्याचे वायसर नवे नसेल तर गॅसच्या आचेवर लालभडक करून पाण्यात टाका. तांबे मऊ होते आणि पुन्हा नीट बसते. प्लगचे आटे गेले असतील तर मोठा प्लग ठोकून बसवू नका, आटे दुरुस्त करून घ्या.

मागची गळती : इथे घाई नको

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून, बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळातून थेंब येत असेल तर आधी वरचे सगळे उगम बंद झाले आहेत याची खात्री करा. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातले ऑईल याच वाटेने उतरून फसवते.

खरेच मागून येत असेल तर हे समजून घ्या : या इंजिनात मागच्या मेन बेअरिंगपाशी रबरी सील नाहीच. क्रँकशाफ्टवर स्क्रूसारखे आटे कोरलेले आहेत आणि फिरताना ते ऑईल आत ओढून घेतात. इंजिन बंद झाले की आटे थांबतात, आणि एखाद-दुसरा थेंब निसटतो. ही इंजिनाची घडणच आहे. ब्रीदर मोकळा असणे, ऑईल वरच्या खुणेपलीकडे न भरणे आणि गाडी पुढचा भाग वर येईल अशा उतारावर न लावणे, एवढ्याने हा थेंब आटोक्यात राहतो.

मात्र क्लच घसरू लागला, किंवा एका रात्रीत ताटलीभर ऑईल जमले, तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. तो खर्च फक्त गळतीसाठी करू नका. क्लच प्लेट बदलायची वेळ येईल तेव्हा मागचे बेअरिंग, त्याची टोपी आणि आटे एकदमच तपासून घ्या. मी दोन वर्षे थांबलो आणि क्लचच्या कामातच ते उरकले.

ऑईल, बाजार आणि शेवटची तपासणी

या इंजिनाला साधे मिनरल २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ऑईल घाला. आजच्या गाड्यांचे पातळ सिंथेटिक घातले की जुनी पॅकिंग रडायला लागतात. "गळती थांबवणारे" औषध बाटलीतून ओतायची सवय लावू नका. ते रबरी सील थोडे फुगवते, पण कॉर्कला आणि वाकलेल्या पत्र्याला त्याचा उपयोग शून्य.

पॅकिंगचा पूर्ण संच घ्यायचा असेल तर नाशिकच्या द्वारका आणि मुंबई नाका भागातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत आधी विचारा. तिथे नसेल तर पुण्याची नाना पेठ. घेताना पॅकिंग वाकवून बघा. कॉर्क कडकडीत मोडला तर तो संच नको. शक्य असेल तिथे रबर मिसळलेला कॉर्क मागा, तो जास्त टिकतो.

काम झाल्यावर इंजिन पुन्हा पुसा, पुन्हा पावडर, पुन्हा धरणापर्यंतची फेरी. १५०-२०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना कॉर्कच्या जोडांचे नट एकदा तपासा. कॉर्क बसतो, म्हणून थोडे सैल झालेले असतील, आधीच्याच मापाला आणा. त्यापुढे हात लावू नका. डिपस्टिकची नोंद वहीत ठेवा : तारीख, किलोमीटर, किती घातले.

काढलेले ऑईल जुन्या डब्यात भरून झाकण लावा. ते नासर्डी नदीत किंवा घराशेजारच्या नाल्यात सोडले की गोदावरीत जाते. वापरलेले ऑईल कायद्याने घातक कचरा आहे. ज्या गॅरेजकडून अधिकृत शुद्धीकरणवाला ऑईल उचलतो तिथे नेऊन द्या. मी दर सहा महिन्यांनी एक कॅन नेऊन देतो, गॅरेजवाला आनंदाने घेतो.

माझ्या पोर्चमधला पुठ्ठा अजून तसाच आहे, चाकांच्या खुणांसकट. गेल्या पावसाळ्यापासून त्यावर तीन थेंब पडले आहेत, तिन्ही बेल हाउसिंगच्या खाली. प्रत्येकाभोवती पेनाने गोल काढून तारीख लिहिली आहे.